सत्तरच्या दशकातला जगाचा सिनेमा, आपल्या पंचांगाप्रमाणे वर्षभर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळमधल्या एका बैठकीच्या खोलीत आम्ही काहीजण महिन्यातून दोनदा जमतो आणि सत्तरच्या दशकातले, आपल्याकडे फारसे न पाहिलेले परदेशी चित्रपट पाहतो. वाशी, ऐरोली, बेलापूरची मंडळी असतात, काहीजण ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात. कोणता चित्रपट कधी पाहायचा हे आम्ही ऋतूवर आणि सणवारांवर ठरवतो. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्षभराचा कार्यक्रम म्हणजे नक्की काय? यादी संपवायची असते का?

संपवायचं काही नसतं. महिन्याला दोन चित्रपट, म्हणजे वर्षाला चोवीसच्या आसपास. परीक्षा, लग्नसराई आणि गणपती धरले तर त्याहूनही कमी. दोन चित्रपटांमध्ये पंधरा दिवस जाऊ देतो, कारण हे चित्रपट पाहून झाल्यावरही कित्येक दिवस डोक्यात चालू राहतात. एका रविवारी तीन पाहिले तर सोमवारी तिन्हींची सरमिसळ होते, हे नव्या माणसाला आम्ही आधीच सांगतो.

२. ‘कमी माहितीतला’ हे कोण ठरवतं? ज्या देशात बनला तिथे तो प्रसिद्धच असेल ना?

बरोबर. रशियात ‘द आयरनी ऑफ फेट’ लहान मुलालाही माहीत असतो. आमचा निकष साधा आहे. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसेल तर तो आमच्यासाठी कमी माहितीतला. त्यामुळे तारकोव्हस्की, बर्गमन, फेलिनी हे नामांकित दिग्दर्शक यादीत नाहीत. ते वाईट म्हणून नव्हे, त्यांच्यापर्यंत माणूस आपला आपण पोहोचतो म्हणून. शांताल अकरमानचा ‘जान दिएलमान’ (१९७५) मात्र आम्ही जड मनाने बाजूला ठेवला. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला सर्वकालीन पहिला क्रमांक दिला, आता त्याला आमच्या हाताची गरज नाही.

३. सत्तरचंच दशक का? साठचं किंवा ऐंशीचं का नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं सिनेमाचं. आफ्रिकेतले अनेक देश १९६० च्या सुमारास स्वतंत्र झाले आणि सत्तरच्या दशकात तिथली पहिली-दुसरी पिढी स्वतःच्या भाषेत चित्रपट करू लागली. त्याच काळात स्पेनमध्ये फ्रँको, चिलीमध्ये पिनोशे, फिलिपिन्समध्ये मार्कोस यांची हुकूमशाही होती, पूर्व युरोपात कम्युनिस्ट पक्षाचं सेन्सॉर होतं. सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून दिग्दर्शकांनी तिरकं बोलण्याचे मार्ग काढले. त्या दडपणातून आलेली चित्रभाषा आजही ताजी वाटते.

दुसरं कारण आपल्या दाराशी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहू लागलं ते याच दशकात. खेड्यातून शहरात येणारा माणूस, जमीन जाणं, बांधकामावरची मजुरी हे त्या वेळच्या जगभरच्या सिनेमाचे विषय होते. लिनो ब्रोकाच्या ‘मायनिला’मध्ये (१९७५) गावाकडचा कोळी तरुण हरवलेल्या प्रेयसीला शोधत मनिलात येतो आणि पोटासाठी इमारतीच्या कामावर लागतो. कागदावर एक मजुरी, हातात दुसरी. तो आम्ही पाहिला तेव्हा खिडकीतून समोरच्या टॉवरच्या परांच्या दिसत होत्या. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

४. मी आजवर परदेशी सिनेमा पाहिलेला नाही. पहिला कोणता पाहू?

कारोय माक्क या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘लव्ह’ (१९७१). तासा-दीड तासाचा, कृष्णधवल, आणि सासू-सुनेचा! म्हातारी अंथरुणाला खिळलेली. मुलगा राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे, पण सून सासूला सांगते की तो अमेरिकेत चित्रपट काढतोय, आणि त्याच्या नावाने स्वतःच पत्रं लिहिते. आमच्याकडे ज्या बायका ‘आम्हाला नाही बाई कळत हे परदेशी’ म्हणत आल्या, त्या या दोघींच्या बोलण्यातलं न बोललेलं आमच्याआधी ओळखत होत्या. त्याला १९७१ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं होतं, पण हे आम्ही पाहून झाल्यावर सांगतो. पारितोषिक आधी सांगितलं की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसतात.

दुसरा अब्बास किआरोस्तामींचा ‘द ट्रॅव्हलर’ (१९७४). फुटबॉलचा सामना पाहायला तेहरानला जायचंच म्हणून शाळकरी पोरगा काय काय उचापती करतो त्याची गोष्ट.

५. ऋतूप्रमाणे निवडता म्हणजे उन्हाळ्यात बर्फाचे चित्रपट, असं का?

उलट. उन्हाळ्यात उन्हाचे, पावसात पाण्याचे, थंडीत थंडीचे. पडद्यावरच्या हवेशी आपल्या अंगाचं थोडं तरी नातं लागलं की परकेपणाचा निम्मा पडदा गळून पडतो, ही आमच्या सगळ्या कार्यक्रमामागची धारणा आहे.

मे महिन्यात तौफिक सालेह यांचा ‘द डूप्स’ (१९७२) पाहा. इजिप्तच्या दिग्दर्शकाने सिरियात केलेला हा चित्रपट घस्सान कनाफानी यांच्या कादंबरिकेवर आहे. तीन पॅलेस्टिनी माणसं कामाच्या शोधात कुवेतला निघतात. सीमेवर तपासणी चुकवायला पाण्याच्या रिकाम्या टँकरच्या पोटात लपायचं. बाहेर वाळवंटातलं ऊन, आत लोखंड. दुपारी चारला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना हा चित्रपट पाहणं आणि एसीत बसून पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही त्या दिवशी पंखाच ठेवतो. वयस्कर किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली मंडळी असतील तर हा हट्ट करू नका, संध्याकाळी पाहा.

जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, लारिसा शेपित्को यांचा ‘द असेंट’ (१९७७). दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेलारूसमधले दोन सैनिक अन्न शोधायला बर्फातून निघतात. नवी मुंबईत गारठा तो केवढा, पण पहाटे खाडीवर धुकं असतं, अंगावर शाल असते, तेवढं पुरतं. या चित्रपटाने १९७७ साली बर्लिनचा गोल्डन बेअर मिळवला. दोन वर्षांनी पुढच्या चित्रपटाच्या कामात असताना शेपित्को मोटार अपघातात गेल्या. युद्धावर यापेक्षा मोठा चित्रपट मी पाहिलेला नाही. तोफा जवळपास नाहीतच. एका माणसाचा चेहरा आहे आणि त्याला काय किंमत मोजायची हे ठरवायचं आहे.

माघातल्या जत्रांच्या दिवसांत व्हिक्टर एरिसे यांचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ (१९७३). १९४० चं स्पेनमधलं खेडं, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. गावात फिरता सिनेमा येतो, ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवतो, आणि एक लहान मुलगी त्या राक्षसाला खरं मानून शोधायला लागते. ज्यांनी लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला आहे त्यांना पहिली दहा मिनिटं समजावून सांगावी लागत नाहीत. तेव्हा फ्रँको जिवंत होता आणि सत्तेवर होता हे लक्षात ठेवून त्या घरातली शांतता ऐका.

एक मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. त्या दिवशी मिक्लोश यांच्चो यांचा ‘रेड साम’ (१९७२). एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतल्या शेतमजुरांचं बंड, सगळं गाण्यांतून आणि नाचातून मांडलेलं. अख्खा चित्रपट तीसपेक्षा कमी शॉटमध्ये आहे. कॅमेरा माणसांमधून फिरतच राहतो. यात नग्नता आहे, ते आधी सांगून ठेवा.

६. पावसाळ्यात काय पाहता?

हा आमच्या वर्षातला सगळ्यात भरगच्च काळ. आषाढात ऋत्विक घटक यांचा ‘तितास एकटि नदीर नाम’ (१९७३). नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात जाऊन त्यांनी तो केला. अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीतला नदीकाठचा मालो कोळ्यांचा समाज, त्यांची लग्नं, भांडणं, आणि हळूहळू आटत जाणारी नदी. अडीच तासांहून मोठा आहे आणि कथा मध्येच वळणं घेते. कोण कुणाचं हे पहिल्या अर्ध्या तासात लागलं नाही तरी थांबू नका. (हा परदेशी कसा, ते प्रश्न १५ मध्ये.)

श्रावणात बहराम बेझाई यांचा ‘रगबार’ (१९७२). तेहरानच्या गरीब वस्तीत नवे मास्तर बदलून येतात, वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीवर जीव जडतो, आणि मुलं मास्तरांचं जगणं मुश्कील करतात. हलकाफुलका सुरू होतो आणि शेवटाकडे घशाशी येतो. इराणच्या क्रांतीनंतर त्याची एकच इंग्रजी सबटायटल छापलेली प्रिंट उरली होती, दिग्दर्शकाकडे. त्या ओरखडे पडलेल्या प्रिंटवरून २०११ साली तो दुरुस्त झाला. म्हणून सबटायटल चित्रातच छापलेली दिसतात. ती तुमच्या फाइलमधली चूक नव्हे.

नारळी पौर्णिमेला कुवेतचा ‘बस या बहर’ (१९७२), दिग्दर्शक खालिद अल सिद्दिक. कुवेतचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. तेल सापडण्याआधी तिथली माणसं मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारून जगत, त्या काळातली गोष्ट आहे. समुद्राने बापाला अपंग केलंय, मुलाला लग्नासाठी पैसे हवेत म्हणून त्याच समुद्रावर जायचंय. दिवाळे आणि सारसोळे कोळीवाड्यातली ओळखीची कुटुंबं आम्ही त्या दिवशी आवर्जून बोलावतो. होड्या निघताना किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायका पाहून एक आजी म्हणाल्या, “आमच्यातलंच हाय ह्ये.”

७. गणपती, नवरात्र, दिवाळी यांत बाहेर इतका आवाज असतो. तेव्हा बंद ठेवता का?

गणपतीचे दहा दिवस बंद. तेव्हा बाहेरच असावं. पितृपक्षात मात्र शांतता असते, आणि आमचे दोन जुन्या वाड्यांचे चित्रपट तेव्हाच ठेवलेले असतात.

एक श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पीरिस यांचा ‘निधानय’ (१९७२). मोडकळीला आलेला जमीनदार गुप्तधनासाठी विशिष्ट खुणा असलेल्या स्त्रीचा बळी द्यायला निघतो, आणि त्यासाठी तिच्याशी लग्न करतो. गुप्तधनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना यातली भीती पहिल्या मिनिटापासून कळते.

दुसरा इराणच्या मोहम्मद रेझा अस्लानी यांचा ‘चेस ऑफ द विंड’ (१९७६). आई मेली आहे, वारस चाकाच्या खुर्चीत आहे, आणि हवेलीतला जो तो वारशावर टपलेला आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेले प्रसंग पाहण्यासाठी खोली पूर्ण काळोखी करा. १९७६ साली तेहरानच्या महोत्सवात लोकांनी तो झिडकारला, क्रांतीनंतर त्यावर बंदी आली आणि सगळ्यांनी तो हरवला असं धरलं. २०१४ साली तेहरानमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याची निगेटिव्ह सापडली आणि २०२० मध्ये दुरुस्त प्रत जगासमोर आली. चव्वेचाळीस वर्षं! असे चित्रपट पाहणाऱ्यांवर थोडी जबाबदारी येते असं मला मनापासून वाटतं.

अकरा सप्टेंबरच्या आठवड्यात, गणपतीशी टक्कर होत नसेल तर, पात्रिसिओ गुझ्मान यांचा ‘द बॅटल ऑफ चिली’. १९७३ साली त्याच तारखेला सैन्याने अध्यक्ष आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. त्याआधीचे महिने गुझ्मान आणि त्यांच्या मंडळींनी रस्त्यावर उभं राहून टिपले. कच्ची फिल्म फ्रान्सहून दिग्दर्शक क्रिस मार्केर यांनी पाठवली होती. चित्रित झालेली रिळं स्वीडनच्या दूतावासाच्या मदतीने देशाबाहेर गेली, संकलन क्युबात झालं. कॅमेरामन होर्हे म्युलर यांना नोव्हेंबर १९७४ मध्ये पकडून नेलं, ते परत आले नाहीत. तीन भाग (१९७५, १९७६, १९७९) मिळून सुमारे साडेचार तास. एका बैठकीत पाहू नका.

नवरात्रात रात्री दहानंतर लाउडस्पीकर थांबले की छोटे चित्रपट जमतात, त्यासाठी प्रश्न ९ पाहा. दिवाळी उलटली की धनगरांचे कळप घाट उतरून रायगडात येऊ लागतात. तेव्हा तुर्कस्तानचा ‘सुरू’ (१९७८) ठेवतो. यिल्माझ ग्युने यांनी तुरुंगातून लिहिला, झेकी ओक्तेन यांनी दिग्दर्शित केला. मेंढ्यांचा कळप आगगाडीने अंकाराला विकायला न्यायचा, आणि वाटेत कळपही आटतो, कुटुंबही.

८. डिसेंबरमध्ये नाताळचे चित्रपट दाखवता का?

दाखवतो, तीन. तिन्ही एकमेकांपासून पार लांब आहेत.

कॅनडाच्या क्लोद ज्युत्रा यांचा ‘मों ओंक्ल आंत्वान’ (१९७१). क्वेबेकमधलं अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचं गाव, नाताळची पूर्वसंध्या, आणि एक दुकान ज्याचा मालक अंत्यसंस्काराची कामंही करतो. त्या रात्री बर्फातून एक मृतदेह आणायला जाताना पुतण्याचं बालपण संपतं.

दुसरा ऑस्ट्रेलियातला, टेड कॉचेफ यांचा ‘वेक इन फ्राइट’ (१९७१). तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. सुट्टीला सिडनीला निघालेला शिक्षक वाटेत खाणकामगारांच्या गावात अडकतो आणि दारू-जुगारात बुडत जातो. याचीही निगेटिव्ह हरवली होती. शेवटी अमेरिकेत पिट्सबर्गला, नष्ट करायच्या मालात सापडली. कांगारूंच्या शिकारीची दृश्यं खरी आहेत आणि फार अस्वस्थ करतात. आम्ही त्या वेळी ज्यांना उठून जायचं त्यांना आधी खूण करतो.

आणि ३१ डिसेंबरला एल्दार र्‍याझानोव यांचा ‘द आयरनी ऑफ फेट’. सोव्हिएत दूरदर्शनवर तो १ जानेवारी १९७६ ला पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून तिथे नववर्षाच्या रात्री पाहिलाच जातो. मित्रांबरोबर प्यायलेला मॉस्कोचा डॉक्टर चुकून लेनिनग्राडच्या विमानात पोहोचतो. आपला पत्ता सांगतो तर तिथेही त्याच नावाचा रस्ता, तशीच इमारत, तसंच दार, आणि त्याची किल्लीही लागते! सिडकोच्या एकसारख्या इमारतींमध्ये सेक्टर चुकून दुसऱ्याच्या मजल्यावर गेलेल्या माणसाला हा विनोद सांगावा लागत नाही. दोन भागांत तीन तासांचा आहे. साडेआठला सुरू केला तर बाराच्या आत संपतो.

९. मार्चमध्ये घरात दहावी-बारावी आहे. दोन तास काढणं शक्य नाही.

मग छोटे पाहा. युरी नॉरस्टाइन यांचा ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५) दहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट आहे. त्यांचाच ‘टेल ऑफ टेल्स’ (१९७९) अर्ध्या तासाचा. किआरोस्तामींचा पहिला लघुपट ‘द ब्रेड अँड अ‍ॅली’ (१९७०) म्हणजे पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीत आडवा आलेला कुत्रा, बस. अभ्यासाला बसलेल्या मुलालाही दहा मिनिटं उठवून दाखवा.

एप्रिलमध्ये परीक्षा संपता संपता गुड फ्रायडे येतो. कधी मार्चअखेरीसही येतो, त्याप्रमाणे पुढेमागे करा. त्या आठवड्यात क्युबाच्या तोमास गुतिएरेझ आलेआ यांचा ‘द लास्ट सपर’ (१९७६) चुकवू नका. अठराव्या शतकातला उसाच्या मळ्याचा मालक पवित्र आठवड्यात बारा गुलामांना आपल्या टेबलाशी जेवायला बसवतो. रात्री प्रेमाचा उपदेश, आणि सकाळी कामावर जायची वेळ येते.

१०. हे चित्रपट मिळतात कुठे?

कायदेशीर मार्ग वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर त्यांचे कितीतरी जुने चित्रपट सबटायटलसह मोफत आहेत. ‘द असेंट’ आणि ‘द आयरनी ऑफ फेट’ दोन्ही मॉसफिल्मचेच. कोरियाच्या चित्रपट संग्रहालयाची यूट्यूब वाहिनी म्हणजे खजिना आहे, तिथे सत्तरच्या दशकातलं कोरियन काम शोधा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावरही पुष्कळ मोफत आहे. मुबी या ऑनलाइन चित्रपटसेवेची वर्गणी घेतली तर यादी बदलत राहते, म्हणून दिसला की लिहून ठेवा.

अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने दुरुस्त केलेले चित्रपट डिस्कवर येतात. ‘तुकी बुकी’, ‘तितास’, ‘मायनिला’, ‘रगबार’, ‘चेस ऑफ द विंड’ हे सगळे त्यातलेच. डिस्क परदेशी असेल तर आपल्या प्लेअरचा रीजन, म्हणजे तो कुठल्या देशांच्या डिस्क चालवतो ते, आधी तपासा. आणि पावसाळ्यात डिस्क बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खाडीकाठच्या दमटपणाने बुरशी धरते.

११. पन्नास वर्षं झाली, आता हे चित्रपट सगळ्यांसाठी मोकळे असतील ना?

नाहीत. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७० सालचा चित्रपटसुद्धा त्या हिशेबाने २०३० संपेपर्यंत हक्काखाली राहतो. कुठेतरी फुकट दिसतो म्हणजे तो मोकळा झाला असं नव्हे.

१२. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवू का?

घरात चार माणसांबरोबर पाहणं वेगळं आणि हॉलमध्ये सूचना लावून दाखवणं वेगळं. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, शिवाय सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. तिकीट लावलं नाही म्हणून यातून सुटका होत नाही.

रीतसर वाट फिल्म सोसायटीची. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ पासून आहे, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करत आलं आहे. आधी अशा एखाद्या सोसायटीचं सभासद व्हा, त्यांचे खेळ पाहा, मग स्वतःची काढायचं ठरवा.

१३. आईबाबांना इंग्रजी सबटायटल वाचायला जमत नाहीत. काय करावं?

आधी पाच मिनिटं मराठीत गोष्टीची पार्श्वभूमी सांगा, शेवट सोडून. मग ज्याचं वाचन चांगलं आहे त्याने शेजारी बसून हळू आवाजात आशय सांगावा, प्रत्येक वाक्य नको. ‘लव्ह’, ‘सुरू’, ‘बस या बहर’ यांत एवढं पुरतं. सतत संवाद असलेला ‘द आयरनी ऑफ फेट’ मात्र अशाने दमवतो.

आमच्यातल्या काहींनी मराठी सबटायटल स्वतः तयार केली, घरच्या वापरासाठी. सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वेळेच्या ओळींना हात न लावता खालचं इंग्रजी वाक्य काढून मराठी लिहायचं आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. ओळ छोटी ठेवा. बोलीभाषा वापरा. कोळ्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की चित्रपट मरतो.

१४. सबटायटल सुरुवातीला बरोबर असतात, नंतर मागे-पुढे का होतात?

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातल्या जुन्या टीव्ही-डीव्हीडी पद्धतीत तो २५ ने चालवत, म्हणजे चार टक्के वेगाने. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. एका पद्धतीची फाइल दुसऱ्या प्रतीला लावली तर तासाभरात दोन मिनिटांहून जास्त फरक पडतो. सबटायटल दुरुस्त करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये फ्रेम रेट बदलून घ्या. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं पुरतात.

टीव्हीवरचं चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. ‘झूम’ही बंद. त्या काळचे कितीतरी चित्रपट आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद चौकटीचे आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असायलाच हव्यात. पट्ट्या घालवायला गेलात तर माणसांची डोकी कापली जातील.

१५. ‘तितास’ बंगाली आहे, दिग्दर्शक भारतीय. तो परदेशी कसा? आणि मग ‘सामना’ का नाही?

‘तितास’ बांगलादेशात, तिथल्या निर्मितीत, तिथल्या कलाकारांसह झाला, म्हणून तो आमच्या यादीत बसतो. नकाशावरची फाळणीची रेघ आणि ऋत्विक घटक यांचं आयुष्य यांची गाठ कशी होती हे माहीत असलेल्यांना हा वाद नीरस वाटेल, पण नियम हवा म्हणून नियम.

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. तो यादीत नसला तरी आम्ही ‘रेड साम’नंतर पंधरा दिवसांनी पाहतो. साखर कारखान्याचा हिंदुराव आणि हंगेरीतले जमीनदार शेजारी ठेवून पाहिले की दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात.

१६. १९६९ किंवा १९८० चा चित्रपट चालेल का? आणि सत्तरमध्ये बनून नंतर प्रदर्शित झालेल्यांचं काय?

१९७० ते १९७९, आणि चित्रपट पूर्ण झाला ते वर्ष धरायचं, प्रदर्शनाचं नाही. कारण या दशकातले कित्येक चित्रपट कपाटात बंद होते. कारेल काखिन्या यांचा ‘द इअर’ १९७० मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झाला आणि लगेच बंदिस्त झाला, कान महोत्सवाच्या स्पर्धेत आला तो १९९० साली. किरा मुरातोव्हा यांचा ‘द लाँग फेअरवेल’ १९७१ चा, लोकांपर्यंत पोहोचला १९८७ मध्ये. प्रदर्शनाचं वर्ष धरलं तर सेन्सॉरचा निर्णय आपणच मान्य केल्यासारखं होईल.

अवघड उदाहरण क्युबाच्या सारा गोमेझ यांचं. ‘वन वे ऑर अनदर’चं चित्रीकरण त्यांनी केलं, १९७४ साली त्या गेल्या, मग सहकाऱ्यांनी तो पूर्ण केला आणि १९७७ मध्ये तो आला. दोन्ही वर्षं दशकातच असल्याने आमचा नियम वाचला. १९६९ चा ‘गाव’ (फारसीत गाय) हा दारियुश मेहरजुई यांचा इराणी चित्रपट मात्र नियमाने बाहेर राहतो, आणि मला त्याचं दरवेळी वाईट वाटतं. बैलपोळ्याच्या आसपास तो स्वतंत्रपणे पाहा. गायीवर जीव असलेल्या माणसाचा चित्रपट आहे.

१७. फार संथ असतात. झोप लागते.

जेवणानंतर पाहू नका, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तरी लागली तर लागू द्या, पण मग तो चित्रपट आठवड्याभरात पुन्हा पाहा. सोहराब शहीद सालेस यांच्या ‘स्टिल लाइफ’मध्ये (१९७४) रेल्वेच्या फाटकावरचा म्हातारा गेटमन फाटक लावतो, उघडतो, चहा पितो. मग एक दिवस निवृत्तीचा कागद येतो. आधीचा तास तुम्ही त्याच्याबरोबर बसलेला नसाल तर त्या कागदाचं वजन कळणार नाही. संथपणा असा कारणासाठी असतो. कारण नसलेला संथपणाही त्या दशकात होता, ते चित्रपट आम्ही पुन्हा लावत नाही.

१८. लहान मुलांना बसवावं का?

‘द ट्रॅव्हलर’ आणि प्रश्न ९ मधले छोटे चित्रपट निर्धास्त दाखवा. ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’मध्ये मुख्य पात्र लहान आहे म्हणून तो मुलांचा होत नाही, दहा-बाराच्या पुढेच. ‘वेक इन फ्राइट’ नको. सेनेगलच्या जिब्रिल दिओप माम्बेती यांचा ‘तुकी बुकी’ (१९७३) मोठ्यांनी जरूर पाहावा. मोटारसायकलला गुराची शिंगं लावून पॅरिसला पळायची स्वप्नं पाहणारी ती जोडी विसरता येत नाही. पण त्यात कत्तलखान्याची खरी दृश्यं आहेत.

१९. तिथीप्रमाणे ठरवता, मग अधिक महिना आला की वेळापत्रक कोलमडत नाही का?

सरकतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये येतो, म्हणजे त्यानंतरचे सगळे सण पुढे ढकलले जातात. इंग्रजी तारखेला बांधलेले चित्रपट (१ मे, ११ सप्टेंबर, ३१ डिसेंबर) आहेत तिथेच राहतात, तिथीचे हलतात. ११ सप्टेंबर गणपतीत अडकला तर ‘द बॅटल ऑफ चिली’चा पहिला भाग विसर्जनानंतरच्या रविवारी घेतो.

अधिक महिन्यात नवीन काही लावत नाही. त्या वर्षी ज्यांच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला ते दोन चित्रपट पुन्हा पाहतो. कोणते, ते आधीच्या बैठकीत हात वर करून ठरतं, आणि ज्याला चित्रपट आवडला नव्हता त्याने पार्श्वभूमी सांगायची असा आमचा प्रघात आहे.